एंटर दाबायच्या आधी

"ताई, मी ३१ वर्षांचा. मूळचा परभणीचा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. हिंजवडीला एका कंपनीच्या एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, सात वर्षं झाली, तिन्ही पाळ्या फिरत असतात. गेल्या वर्षी सिस्कोची एनकोर ही लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली म्हणून हुरूप आला आणि सीसीआयई एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या त्यांच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटच्या लॅबसाठी, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, बंगळुरूला जाऊन बसलो. डिझाइनचा भाग निघाला, दुसऱ्यात उडालो. सुरुवातीचे दोन तास झकास गेले. मग दोन राउटरवर ईआयजीआरपी आणि ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या दोन पद्धती) एकमेकांत रीडिस्ट्रिब्यूट करायचं होतं, म्हणजे इकडचे रस्ते तिकडे ढकलायचे होते, तिथे एकच नेटवर्क सारखं येत-जात राहिलं. दीड तास कमांड घालत-काढत बसलो आणि त्या नादात आधी चालू असलेलं डीएमव्हीपीएन, म्हणजे शाखांना जोडणारं टनेलांचं जाळं, तेही पडलं. फी भरायला भिशी उचलली होती. घरी सांगितलंय, परीक्षा पुढे ढकलली. बायकोलाही तेच. आता एक मित्र म्हणतो, तीस हजारांत 'खरा पेपर' मिळतो, पाठ कर आणि जा. दुसरा म्हणतो, दीड लाखाचा क्लास लाव. मला कमांड सगळ्या येतात हो. मग चुकतं कुठे? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.
रातपाळीवाला, हिंजवडी
ता. क. पुढच्या वेळी विमानाने जावं का? उद्यान एक्स्प्रेसने गेलो होतो."

रातपाळीवाल्या,

कमांड येत असणारच. सात वर्षं एनओसीत काढलेल्या माणसाला त्या झोपेतही येतात, आणि रातपाळीत बऱ्याचदा झोपेतच द्याव्या लागतात. पण तू उडालास तो कमांड न आल्यामुळे नाही. कमांड दिल्यावर काय होणार हे तुला ती देण्याआधी ठाऊक नव्हतं. एंटर दाबायचं, काय होतंय ते बघायचं, नाही जमलं तर 'नो' लावून काढायचं, दुसरं काहीतरी घालायचं. कामावर हे खपून जातं, कारण तिथे लिंक परत आली की तक्रारीचं टिकीट बंद होतं आणि ती का आली हे कुणी विचारत नाही. लॅबमध्ये मात्र आठ तासांचं घड्याळ चालू असतं. डिझाइनचे तीन, पुढच्या भागाचे पाच. त्या पाचातला दीड तास तू एका नेटवर्कला दिलास.

ते नेटवर्क कुठलं असेल, हे मी इथे बसून सांगू का? ते ईआयजीआरपीच्या घरातलं नव्हतं. कुणीतरी दुसऱ्या टोकाच्या राउटरवर बाहेरून ईआयजीआरपीत आणून टाकलेलं होतं. बाकी सगळी नेटवर्कं गुण्यागोविंदाने बसली आणि हे एकच नाचत राहिलं, यावरूनच ते कळतं. कागद घे आणि आकडे लिही. ईआयजीआरपीचं घरचं राउट ९०, ओएसपीएफचं ११०, ईआयजीआरपीत बाहेरून आलेलं १७०. ज्याचा आकडा लहान, त्याच्यावर राउटर विश्वास ठेवतो. आता तुझे दोन राउटर, अ आणि ब. बाहेरचं नेटवर्क अ ला ईआयजीआरपीतून १७० ने कळलं. अ ने ते ओएसपीएफमध्ये ढकललं. ते ओएसपीएफमधून फिरून ब कडे पोचलं, ११० ने. ब कडे तेच नेटवर्क ईआयजीआरपीतूनही आलेलं आहे, पण १७० ने. ब ने ११० वाल्यावर विश्वास ठेवला आणि सांगितल्याप्रमाणे ते ओएसपीएफमधून उचलून परत ईआयजीआरपीत ढकललं, तेही तू दिलेल्या मेट्रिकने, म्हणजे रस्ता किती लांबचा ते सांगणाऱ्या आकड्याने. ते मेट्रिक मूळ रस्त्यापेक्षा गोंडस असेल तर अ ला वाटतं, अरे, जवळचा रस्ता ब मधून आहे. झालं. अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो अ कडे जा, मूळ रस्ता पडला बाजूला, मग सगळं कोसळतं आणि पहिल्यापासून सुरू. ९० वाली नेटवर्कं या खेळात सापडत नाहीत, कारण ९० हा ११० पेक्षा लहानच आहे.

उपाय तुला येतो: ढकलताना टॅग लावायचा आणि दुसऱ्या दारात तो टॅग दिसला की अडवायचं, दोन्ही राउटरवर, दोन्ही दिशांना. चार ओळींचा राउटमॅप. तो तू पन्नास वेळा लिहिला असशील. पण 'इथे लूप होणार' हे रीडिस्ट्रिब्यूटची पहिली ओळ टाकायच्या आधी दिसलं नाही, आणि झाल्यावर 'हा तोच लूप' म्हणून ओळखूही आलं नाही. डीएमव्हीपीएन पडायचं कारणही बहुधा याच घोळात आहे. टनेलच्या पलीकडच्या टोकापर्यंत जायचा रस्ता जर टनेलमधूनच शिकला गेला, तर टनेल स्वतःच्याच खांद्यावर चढायला जातो आणि पडतो, उठतो, पुन्हा पडतो.

तेव्हा आता एक साधी दोनशे पानी वही आण. पानाच्या मध्ये उभी रेघ मार. लॅब करताना प्रत्येक महत्त्वाच्या कमांडच्या आधी डाव्या बाजूला लिहायचं: हे दिल्यावर कुठल्या राउटरच्या टेबलात कुठली ओळ बदलेल, कुठला नेबर (शेजारचा राउटर) पडेल, किती सेकंदांनी उठेल. मग एंटर. मग उजव्या बाजूला जे झालं ते. दोन्ही बाजू जुळल्या तर पुढे. नाही जुळल्या तर तिथेच थांबायचं, त्या दिवशी पुढचा विषय घ्यायचा नाही. पहिला आठवडा अपमानास्पद जातो, हे सांगून ठेवते. आपल्याला 'येतं' असं वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी आपण नुसत्या 'चालवत' होतो, हे कळतं. ईआयजीआरपीत ओएसपीएफ ढकलताना मेट्रिक दिलंच नाही तर काय होतं, हे न बघता सांग. काहीच ढकललं जात नाही आणि राउटर कुरकुरतही नाही. माझ्या हाताखालच्या बऱ्याच हुशार मुलांनी यावर अर्धा अर्धा तास घालवलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट, उभारायचा सराव कमी कर आणि बिघाड शोधायचा वाढव. बाजारातली वर्कबुकं तुला कोऱ्या राउटरवर इमारत बांधायला लावतात. या परीक्षेत तुला बांधलेलं, अर्धवट, मुद्दाम वाकडं करून ठेवलेलं घरही हातात मिळतं. त्यासाठी चिठ्ठ्या कर. एका डब्यात चाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक बिघाड: एका बाजूचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, बदल. एका टोकाला ओएसपीएफचा नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट कर, दुसऱ्या टोकाला ब्रॉडकास्ट राहू दे. दोन राउटरना एकच राउटर आयडी दे. बीजीपीत (रस्ते कळवायची आणखी एक पद्धत) लूपबॅकवरून, म्हणजे राउटरच्या आतल्या काल्पनिक इंटरफेसवरून, शेजारी जोडलास तिथली अपडेट-सोर्सची ओळ उडव. रात्रपाळीतल्या जोडीदाराला त्यातल्या तीन काढायला सांग आणि तू चहाला जा. परत येऊन शोध. जोडीदाराला चिकन थाळी कबूल कर, माणसं आनंदाने मोडतोड करतात.

यातली पहिली आणि दुसरी चिठ्ठी शेजारी ठेवून बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. एमटीयू जुळत नसेल तर ओएसपीएफचा नेबर एक्स-स्टार्ट किंवा एक्सचेंज या मधल्या टप्प्यांत अडकून राहतो. हॅलो, म्हणजे ओळखीचे निरोप, छोटे असतात, ते सुखरूप जातात, म्हणून ओळख होते. पुढे डेटाबेसची देवाणघेवाण सुरू झाली की गाडी रुतते. नेटवर्क टाइप वेगळा असेल तर मात्र गंमत उलटी. दोन्हीकडे हॅलो १० सेकंदांचा, डेड (शेजारी मेला समजायची मुदत) ४० चा, त्यामुळे नेबर थेट फुल होतो, म्हणजे जोडणी पूर्ण. सगळं हिरवंगार. आणि टेबलात राउट एकही नाही. पहिल्यात नेबर बघून कळतं, दुसऱ्यात नेबर बघून फसायला होतं. 'नेबर फुल आहे ना, मग ओएसपीएफ सोड' असं म्हणणाऱ्याला ही परीक्षा अलगद झेलते.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. मी २०१२ मध्ये पहिल्यांदा बसले. तेव्हा राउटिंग अँड स्विचिंगची लॅब होती: दोन तास बिघाड शोधायचे, सहा तास कॉन्फिगरेशन. बिघाडाचा भाग मी मजेत काढला. कॉन्फिगरेशनमध्ये एका प्रश्नात लिहिलं होतं की लूपबॅक नेटवर्क सगळीकडे त्याच्या खऱ्या मास्कने (नेटवर्कचा आकार सांगणाऱ्या आकड्याने) दिसलं पाहिजे. आता ओएसपीएफ लूपबॅकला काहीही मास्क असो, तो ३२ चाच, म्हणजे एकाच पत्त्याचा, म्हणून जाहीर करतो, इंटरफेसवर पॉइंट-टू-पॉइंट टाइप दिल्याशिवाय. हे मला माहीत होतं. शपथेवर सांगते, माहीत होतं. पण मी पिंग करून बघितला, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का एवढंच, पिंग गेला, मी प्रश्नावर टिकमार्क केली आणि पुढे गेले. असे चार-पाच प्रश्न मी 'पिंग गेला' या पुराव्यावर सोडवले. जेवणाच्या सुट्टीत तर मला वाटत होतं की आपण पास आहोत, फार तर पार्टी कुठे द्यायची हा प्रश्न आहे. नापास झाले. प्रश्नात मागितलेलं एक, मी तपासलेलं दुसरंच.

म्हणून वहीत अजून एक सवय लाव. प्रश्न वाचला की त्याखाली लिही: हे झालं हे कुठल्या शो कमांडच्या (राउटरची स्थिती दाखवणाऱ्या कमांडच्या) कुठल्या ओळीवरून दिसेल? ती ओळ सापडल्याशिवाय प्रश्न सुटलेला नाही. आणि सुरुवातीला पूर्ण पेपर एकदा वाचून काढ, बाराव्या प्रश्नातली एक अट चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकते. डिझाइनच्या भागात ही सोय नाही, तिथे पुढे गेलास की मागे फिरता येत नाही. पण तो तुझा निघालाच आहे. फक्त पुढच्या वेळी तो गृहीत धरू नकोस. दोन्ही भागांत किमान गुण मिळावे लागतात आणि एकूण बेरीजही ओलांडावी लागते.

वेळेबद्दल माझा नियम वीस मिनिटांचा. एका जागी वीस मिनिटं अडकलास की हात वर. कागदावर प्रश्नाचा क्रमांक लिहायचा, आतापर्यंत काय नाकारलं ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे जायचं. एखाद्या चालू राउटरला हात लावायच्या आधी त्याचं चालू कॉन्फिगरेशन नोटपॅडवर उतरवून ठेवायचं. तू डीएमव्हीपीएन गमावलंस तिथे अशी प्रत असती तर पाच मिनिटांत मागे जाता आलं असतं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलास, आणि हातचंही गेलं. हो, आणि सेव्ह करत जा. दर प्रश्नाला.

लॅबच्या त्या पाच तासांत सिस्कोची अधिकृत कागदपत्रं उघडायला मिळतात, हे तू बघितलंच असशील. पण ती शोधायची सवय नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. आतापासून गुगल बंद. काही अडलं की त्याच कागदपत्रांच्या झाडातून, पानापानाने जायचं. कॉन्फिगरेशन गाइड कुठे, कमांड रेफरन्स कुठे, हे बोटांना पाठ झालं पाहिजे.

आता मित्रांचे सल्ले. तीस हजारांच्या 'खऱ्या पेपरा'बद्दल तू मला विचारलंस, म्हणजे आतून उत्तर तुला माहीत आहे. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार तूच मान्य केलास. पकडला गेलास तर निकाल रद्द, सर्टिफिकेट गेलं, पुढे बसायची दारंही बंद होऊ शकतात. पण हे बाजूला ठेव. पेपर पाठ करून पास झालेली माणसं मी मुलाखतीत बघितली आहेत. मी फळ्यावर दोन ढग, म्हणजे दोन नेटवर्कं, काढते, मध्ये दोन राउटर काढते आणि विचारते, इथे लूप कुठे होईल? तुला हाच प्रश्न दीड तास छळत होता, आणि या वहीनंतर तो तुला झोपेतही पडणार नाही. त्यांना मात्र पगाराच्या आकड्यापर्यंत पोचायच्या आधीच घाम फुटतो. सीसीआयई झालेल्यांना मिळणारे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात आणि तो पहिला क्रमांक कुणा माणसाला दिलाच नाही, लॅबलाच दिला. १९९३ साली. मला ही गोष्ट फार आवडते. त्या खोलीचा मान त्यांनी माणसांच्या आधी राखला.

दीड लाखाचा क्लासही आत्ता नको. क्लास तुला विषय शिकवेल, आणि विषय तुला येतात. तेच पैसे मशीनमध्ये घाल, तेही सगळे नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात आपल्या तपकीर गल्लीत चौकशी कर, ऑफिसांमधून निघालेली जुनी वर्कस्टेशनं मिळतात. ६४ जीबी रॅम असलेलं बघ. त्यावर ईव्ह-एनजी किंवा सिस्कोचं सीएमएल टाक, म्हणजे राउटर संगणकातच आभासी चालवता येतात. आयओएसव्हीचा राउटर अर्ध्या जीबीत चालतो, पण कॅटलिस्ट ८००० व्ही एकेक चार जीबी मागतो, म्हणजे सगळीकडे भारीच इमेज (राउटरचं सॉफ्टवेअर) घालायचा हट्ट नको. राउटिंग शिकायला हलकी इमेज पुरते. एसडी-वॅनचा (शाखांमधलं नेटवर्क सॉफ्टवेअरने हाकायच्या पद्धतीचा) कारभारी व्हीमॅनेज मात्र एकटाच १६ ते ३२ जीबी खातो, तो चालवायचा तर त्या दिवशी बाकीचं बंद. एसडी-ॲक्सेस (ऑफिसातल्या नेटवर्कसाठीची तशीच पद्धत) घरी उभारायच्या भानगडीत पडू नकोस, त्यासाठी सिस्कोचे फुकट सँडबॉक्स वापर आणि कमी पडलं तर तासांवर भाड्याने रॅक घे. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड भागाला २५ टक्के वजन आहे आणि ऑटोमेशनला १५. बरेच जुने खेळाडू हा ४० टक्क्यांचा तुकडा 'शेवटी बघू' म्हणून ठेवतात. तूही ठेवलास, असा मला संशय आहे, कारण पत्रात त्याचा एक शब्द नाही.

आणि एक मधला टप्पा घे. एनकोर निघाली आहे, तर एनार्सी (ENARSI, क्रमांक ३००-४१०) दे. दीड तासाची परीक्षा आहे आणि तिचा विषयच प्रगत राउटिंग आणि त्यातले बिघाड आहे. रीडिस्ट्रिब्यूशन, डीएमव्हीपीएन, बीजीपी, म्हणजे तू जिथे पडलास नेमकं ते. ती निघाली की एनकोरला जोडून तुझ्या हातात सीसीएनपी एंटरप्राइज, म्हणजे सीसीआयईच्या खालच्या पायरीचं सर्टिफिकेट, येतं. लॅबला सहा महिने लागोत की वर्ष, तोवर कामावर दाखवायला काहीतरी असेल आणि भिशीच्या हप्त्याला अर्थ असेल.

सहा महिने तरी धरच. तीन पाळ्यांत रोज अभ्यास होत नाही, ज्यांचा होतो असं ते सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. रातपाळीच्या आठवड्यात फक्त वही वाच आणि चिठ्ठ्या लिही. सकाळपाळीच्या आठवड्यात चार दिवस दोन-दोन तास लॅब. आणि महिन्यातून दोन सुट्ट्यांना सलग पाच तास, फोन दुसऱ्या खोलीत, उठायचं नाही. पाच तास खुर्चीत बसून डोकं ताजं ठेवणं हा वेगळा सराव आहे, तिसऱ्या तासाला माणूस वेडेपणा करतो. तू नेमका तिसऱ्याच तासाला केलास. अशा तीन बैठका लागोपाठ वेळेत आणि स्वतःच्या तपासणीत पास झाल्या की मगच तारीख घे. त्याआधी तारीख घेऊन स्वतःला धाक दाखवू नकोस. फी लाखाच्या वर आहे, एवढा महाग धाक आपल्याला परवडत नाही.

त्यासाठी तुझ्या खोलीचा दरवाजा कुणीतरी सांभाळायला लागेल. म्हणून बायकोला सांग. या रविवारी. भिशी तिच्याही घामाची आहे, आणि 'पुढे ढकलली' हे वाक्य तुला दर महिन्याला नव्याने ढकलावं लागेल. चिडेल, चिडू दे. नापास झालो असं सांग, कशामुळे झालो ते सांग, अ आणि ब राउटर कागदावर काढून दाखव. मी माझ्या आईला हा लूप असाच काढून दाखवला होता. तिला नेटवर्किंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दोघी जावा एकमेकींच्या भरवशावर राहिल्या आणि दूध उतू गेलं." मी आजही नव्या मुलांना मेट्रिक-बिट्रिक सांगायच्या आधी हेच सांगते.

ता. क. उद्याननेच जा. विमानाचे पैसे रॅमला लागतील. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचशील असं तिकीट काढ, लॉज लॅबच्या चालण्याच्या अंतरावर घे, कारण बंगळुरूची सकाळची गर्दी तुझ्या हिंजवडीच्या गर्दीला लहान भाऊ म्हणेल. आणि त्या रात्री वही उघडू नकोस. दहाला झोप.